दक्षिणेची भिंत

माझा डेस्मंड लढाईवर गेला आणि येताना इंग्लंडची बायको घेऊन आला. हिलरी तिचं नाव. ट्रंकेत कपडे कमी, माहेरच्या बागेतलं बी जास्त. आमच्या गावात गवतसुद्धा नाइलाजाने उगवतं, आणि हिला दारापुढे फुलांची दाटी हवी होती, आईकडे होती तशी.

लांब दांड्यावर घंटांसारखी फुलं येणारं फॉक्सग्लव्ह तिने घराच्या दक्षिणेच्या भिंतीला पेरलं. मी म्हटलं, "अगं, इथे ऑस्ट्रेलियात ऊन उत्तरेकडून येतं. ती सावलीची बाजू." तिला वाटलं, सासू नाट लावतेय. तिच्या आईकडे दक्षिणेच्या भिंतीलाच ऊन असे, विषय संपला. ही रोपं फुलली तर राहीन, नाहीतर माझं बोटीचं तिकीट काढ, असं तिने डेस्मंडला बजावलं. पोराचं तोंड एवढंसं झालं. या झाडाला पहिल्या वर्षी नुसती पानं येतात, त्यामुळे टांगती तलवार पुढच्या वर्षापर्यंत.

हिवाळ्यात त्या भिंतीवर शेवाळ चढलं, तेव्हा बाईसाहेबांना पटलं. रडून नाक लाल झालेलं, हातात कुदळ. सगळी रोपं उत्तरेच्या भिंतीला, माझ्या स्वीट पीच्या फुलवेलांशेजारी हलवायला निघाली. मी कुदळ धरली. "आता मुळं दुखावलीस तर मरतील. राहू दे." रोपांचं मला काही नव्हतं, पोराचं घर मोडायला नको होतं. भांडी धुतलेलं पाणी मी रोज तिथेच ओतू लागले.

नोव्हेंबरात, इथल्या उन्हाळ्याच्या तोंडाला, फुलं उमलायला लागली, आणि त्याच आठवड्यात वाळवंटावरून उत्तरेचा भाजणारा वारा सुटला. एका दुपारीत माझ्या वेलांचा कडबा झाला. गावभर तेच. ते बघून, आपलीही गेली असं धरून, हिलरी दक्षिणेच्या भिंतीकडे गेलीच नाही, ट्रंक भरत बसली. शेवटी मीच तिला हाताला धरून तिकडे नेलं. सावलीतली फुलं ताठ उभी होती.

रविवारी चर्चनंतर बायका बघायला आल्या. इंग्लंडच्या पोरीने सावलीची बाजू बरोबर हेरली, असं शेजारची ऑलिव्ह म्हणाली. मी दात आवळून चहा ओतत राहिले.

"आईंनी सांगितलं होतं ऊन कुठून येतं ते," हिलरी म्हणाली. "मी ऐकलं नाही, म्हणून जमलं."

बायका गेल्यावर कप विसळताना तिने विचारलं, "आई, लॅव्हेंडर कुठल्या भिंतीला लावू?"

या घरात आल्यापासून तिने मला विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"उत्तरेच्या. त्याला कडक ऊन मानवतं. पण भरायला तीन वर्षं लागतात त्याला."

"लागू देत," ती म्हणाली.