पहिला चीक

सातव्यातलं पोर जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं कुसगावातली कुठलीही बाई छातीठोकपणे सांगेल. शालनची मुलगी सातव्यातच झाली, लोणावळ्याच्या दवाखान्यात. ओंजळीत मावेल एवढी, पण हातपाय झाडत होती. नर्सबाईंनी तिला कापसात गुंडाळून कडेला गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. खाट दुसरीला हवी म्हणून शालनला मात्र घरी धाडलं. अंगावरचं दूध काढून पाठवत जा, थेंब थेंब पाजते, त्यावाचून ही तगायची नाही, असं त्यांनी बजावलं.

शालन दूध काढायची. जेमतेम दोन चमचे निघायचं, घट्ट, पिवळं. सासू अंबूबाई त्याचा डबा पदराखाली धरून दिवसातून तीनदा चालत जायची. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, असं शालनला वाटायचं. भाग्यच ते!

चौथ्या दिवशी शालन नवऱ्याला, गेणूला घेऊन स्वतः गेली. पोरीचं पोट टम्म फुगलं होतं, ओकारी हिरवी पडत होती. आतडी सुजलीत, शौचातून रक्त जातंय, असं डॉक्टर म्हणाले. नर्सबाईंनी शालनला बाजूला घेऊन विचारलं, शेळीचं दूध कशाला पाठवलंस? आज डब्याला वास आला तेव्हा कळलं, आधीच कळायला हवं होतं मला, असंही त्या म्हणाल्या.

अंबूबाईनं काही लपवलं नाही.

"पैल्या तीन दिसांचं दूध नासकं आसतंय. आमी कुनीच पाजलं न्हाई. वड्यात सोडलं."

आणि रिकाम्या डब्यात शेळीचं दूध भरून, हलकं पडावं म्हणून त्यात ओढ्याचंच पाणी घातलं होतं.

पोर सहाव्या दिवशी गेली. तिचं आयुष्यच तेवढं, असं लोक म्हणाले. माझ्या आईच्या मनात काही वाईट होतं का, असं गेणूनं विचारलं. नव्हतं, आणि तेच शालनला गिळवत नव्हतं. वाईट असतं तर निदान पोटभर शिव्या तरी घालता आल्या असत्या. शेजारणी समजूत घालायला यायच्या आणि ही दात आवळून भाकऱ्या थापत राहायची.

महिन्यानं घरची म्हैस व्याली. गोठ्यातून अंबूबाईची हाक आली, "गेणू, आदी रेडकाला पाज. पैला चीक पोटात गेला न्हाई तर पोट फुगून मरंल."

शालनच्या अंगाची लाही झाली. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती गोठ्यात गेली.

"आत्याबाई, रेडकाचं कळतंय व्हय तुमास्नी?"

म्हातारी भिंत धरत घरात गेली. शालननं रेडकाला स्वतः सडाला लावलं आणि त्याचं पोट भरेस्तोवर तिथून हलली नाही.

सांजच्याला खरवसासाठी चीक मागायला एकेक करून बाया भांडी घेऊन आल्या. त्यांतल्या दोघींना दिवस गेले होते. शालन दारात आडवी उभी राहिली. चीक कुणाला मिळणार नाही, तो कशासाठी असतो ते आधी ऐका, असं म्हणून तिनं पहिलीला सगळं सांगितलं. डब्यापासून ओढ्यापर्यंत. मग दुसरीला तेच सांगितलं. तिसरी आली तेव्हा आतून अंबूबाईचं रडणं ऐकू येऊ लागलं.

शालननं आवाज चढवला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.