दोनशे बारावा नंबर

कारखान्यात ऊसतोडीची पाळी लावायचं काम माझं. म्हंजी पाळी लावते कॉम्प्युटरमधली स्क्रिप्ट. मी काळ्या खिडकीत तिचं नाव टाईप करून एंटर मारतो. लागणीच्या तारखेप्रमाणं यादी निघते आन् मुकादमांना मेसेज जातात. कुणी वशिला घेऊन आला की मी ती खिडकीच दाखवतो. "हितं माझं कायबी चालत न्हाई, मामा." त्यो चहा पिऊन जातो.

पण रोज टाईप कोण करणार? वरचा बाण दाबला की जुनी कमांड परत येते. यादी, मग प्रिंट, एवढंच तर काम. म्हणून दोनदा बाण, एकदा एंटर. तीन हंगाम निभावलं.

सोमवारी नव्यानं लागलेल्या गौतमी मॅडमला शिकवताना मी नेटची वायर काढून चाचणीची फाईल चालवली, मग प्रिंट दाखवली. चाचणीत पहिलं नाव आमच्या आबांचं. कुणाचं तरी टाकायचं म्हणून घरचं टाकलेलं.

मंगळवारी सकाळी दोनदा बाण, एंटर, आन् मी चहाला.

दहाला हौशीराम मुकादमाचा फोन. "पृथ्वीराज, मेसेजप्रमाणं टोळी तुमच्या रानात आणली, तर तुमचं म्हातारं बांधावर आडवं झालंय. कोयता लावू देईना. म्हणतंय, माझा नंबर दोनशे बारा, आज सोजरबाईचा."

बाणानं कालची चाचणीच परत आणली होती, आन् आज नेटची वायर जोडलेली. वीस वर्सं दर सभेत उठून पाळी मोडणाऱ्यांची सालटी काढणारे जयसिंग आबा ते हेच.

टोळी सोजरबाईकडं धाडून आबा चिखलाच्या पायानं हापिसात आले. समदे उठून उभे.

"चालव."

माझं बोट बाणाकडं गेलं. त्यांनी हातावर फटका मारला. "टाईप कर."

एकेक अक्षर त्यांनी बघितलं. पहिली सोजरबाई, दोनशे बारावे आबा. समद्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं.

"चुकून झालं, आबा. आईशप्पत."

"समदे असंच म्हणत्यात," आबा म्हणले आन् गेले. लई लागलं मला.

आता मी रोज टाईप करतो. आमचा नंबर फेब्रुवारीत आला. तवर उसाला तुरे येऊन वजन घटलेलं. टोळी बांधावर थांबवून आबा आधी दोनशे अकराव्याच्या रानात गेले, खरंच तुटलाय का बघायला. मगच कोयता लावू दिला.