तीन आवाजांची कळ

दादाने आपला बास, जाड आवाजाची ती चार तारांची गिटार, उघडायचा ठरवला तो धाकट्या भावाच्या एका बोलण्यामुळे.

"दादा, हा बास आहे की पाण्याची टाकी?" सराव चालू असताना मध्येच कीबोर्डवरचे हात उचलून धाकटा म्हणाला होता. "नुसतं घुम् घुम्. गाणं कुठलंही असो, तुझं आपलं एकच पालुपद."

ड्रम वाजवणारा ठोक्या फिदीफिदी हसला. धाकट्याची बायको मैना बँडची गायिका होती. ती माइकच्या वायरीशी चाळा करत खाली बघत राहिली. ते दादाच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. बास स्वस्तातला. रंगाचे टवके उडालेले, मानेवरचं कंपनीचं नाव कधीच घासून गेलेलं. तारांखाली त्यांची थरथर पकडणारं पिकअप एकच, आणि त्याचा आवाजही एकच: जाड, गुळगुळीत, चिखलात पाय रुतावा तसा.

नवा बास घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. छापखान्याची यंत्रं खोलण्यात आणि जोडण्यात ज्याची हयात गेली, तो वस्तू बदलत नाही, आधी उघडून बघतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्याने बास पालथा घातला, मागचं झाकण काढलं आणि पुढून पिकअप उचकटून बाहेर घेतलं. आत दोन गुंडाळ्या होत्या, केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या. कारखान्यात त्या एकीला एक जोडून, वरून पट्टी चिकटवून कायमच्या बंद केल्या होत्या. तो सांधा सोडवला आणि दोन्ही गुंडाळ्यांची टोकं वेगवेगळी बाहेर काढली, की त्या हव्या तशा जोडता येणार होत्या. एकापाठोपाठ एक जोडल्या की जाड आवाज. शेजारी-शेजारी जोडल्या की मोकळा, स्वच्छ. एकटीच ठेवली की त्या दोन्हींच्या मधला.

सांधा सोडवताना पट्टीबरोबर एक तार तुटून आली. भिंग डोळ्याला लावून त्याने दुसरं टोक शोधलं, सुईने उकललं, त्याला नवी तार जोडली. सोल्डरचा थेंब त्यावर बसला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग बासच्या पुढच्या फळीला एक भोक पाडून त्याने तीन जागी थांबणारी छोटी कळ बसवली.

घरातल्या लहान स्पीकरवर त्याने वाजवून बघितलं. जाड. मधला. मोकळा. तो खुर्चीत मागे रेलून एकटाच हसला.

शनिवारी त्याने बास सरावाच्या खोलीत नेऊन ठेवला. "उद्या ऐकवतो," एवढंच धाकट्याला म्हणाला. टायरच्या दुकानावरची ती खोली दोघा भावांनी मिळून घेतली होती, बँडही दोघांनी मिळूनच काढला होता. किल्ल्या दोघांकडे होत्या.

रविवारी दुपारी सगळे जमले. धाकटा त्या दिवशी कधी नव्हे इतका गोड बोलत होता.

"या, या, कारागीर! आज काय तो एकदा कानांचा उद्धार होऊन जाऊ दे."

दादाने बास गळ्यात अडकवला. पट्टा खांद्यावर नीट बसवला. "ही पहिली," तो म्हणाला, आणि रोजचीच चाल वाजवली. "ही जाड. जुनाच आवाज, पण आता आपल्या मर्जीने." त्याने कळ सरकवली. "ही एकच गुंडाळी. जरा कोरडी, ऐका." पुन्हा कळ सरकवली. "आणि ही बघा. आता कशी मोकळी झाली! प्रत्येक सूर सुटा."

"मैना, तुला काय वाटतं?" धाकट्याने विचारलं.

"केवढा फरक आहे हो, भाऊजी!" मैना म्हणाली. "ही शेवटची तर फारच छान. माझ्या आवाजाला जागा राहते हिच्यात."

ठोक्याने तोंडावर हात दाबला होता. आता त्याला ते जमेना. तो ड्रमवर ओणवा होऊन खदखदून हसायला लागला.

"परत वाजव, दादा," धाकटा शांतपणे म्हणाला. "परत सांग, कोरडी कुठली आणि मोकळी कुठली."

दादाने वाजवलं. सांगितलं. या वेळी थोडं सावकाश, कारण ठोक्या का हसतोय ते त्याला कळत नव्हतं.

धाकटा उठला. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बास दादाच्या गळ्यात असतानाच त्याला खांद्याला धरून वळवलं. मागचं झाकण काढलं. कळीला जोडलेल्या सगळ्या तारा कापलेल्या होत्या. त्यांची टोकं एकमेकांना पिळून वरून काळी पट्टी गुंडाळली होती. कळीला आत काहीच जोडलेलं नव्हतं. ती नुसती खालीवर होत होती.

"काल मी आणि ठोक्याने केलं," धाकटा म्हणाला. "तू गेल्यावर. मघापासून तू एकच आवाज वाजवतोयस, दादा. जुनाच. पाण्याच्या टाकीचा."

दादा कळीकडे बघत राहिला. त्याचं बोट अजून तिच्यावरच होतं.

"घरी बेल वाजली तरी तुला ऐकू येत नाही," धाकटा बोलतच होता. "हाक मारली तर दुसरीकडे बघतोस. तुला सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? छापखान्याने तुझे कान खाल्लेत. पुढच्या कार्यक्रमाला दुसरा वादक येतोय."

"हे असं करायचं असतं का?" मैनाचा आवाज चढला. "फरक होता. मी ऐकला. कळ सरकवताना भाऊजींचा हातही सरकत होता, मागे, तारा जिथे बांधल्यात त्या पुलाकडे. म्हणून आवाज बदलत होता."

"वा! म्हणजे तुझेही कान गेले," धाकटा म्हणाला. ठोक्या पुन्हा हसला.

दादाने बास गळ्यातून काढला आणि पिशवीत घातला. चेन अडकली, तीनदा ओढावी लागली. पट्टा आणि वायर तिथेच राहिली.

घरी आल्यावर त्याने तारा पुन्हा जोडल्या. काम नेटकं झालं. मग तो वाजवत बसला. जाड, मधला, मोकळा. पण आता दर वेळी त्याला वाटायचं, हे आपल्याला ऐकू येतंय की आपल्याला माहीत आहे म्हणून ऐकू येतंय? डोळे मिटून कळ कितीतरी वेळा सरकवली. नंतर तर तिन्ही आवाज एकसारखेच वाटायला लागले. छापखान्यात कामाला जायचं त्याने सोडलं नाही, पण कुणी काही म्हटलं की तो आधी त्याच्या ओठांकडे बघायचा.

काही दिवसांनी मैना आली ती पट्टा आणि वायर घेऊन. धाकट्याला न सांगता आली होती, हे तिने आल्या आल्या सांगितलं.

"तुमच्या भावाने केलं ते वाईट केलं, भाऊजी. मी ऐकला होता फरक. शपथेवर सांगते. तुमचा हातच तसा आहे."

दादाला तिचं म्हणणं हवं होतं. इतके दिवस तो त्या एका वाक्यावरच तगला होता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाला, "पाठ करून बस. आता खरी जोडणी आहे. सांग बघू."

ती पाठमोरी बसली. त्याने पहिला आवाज वाजवला.

"हा जाड," ती म्हणाली.

त्याने कळीला हात लावला नाही. हातही जागचा हलवला नाही. फक्त नखाने कळीजवळचं लाकूड वाजवलं, कळ सरकल्यासारखं, टक्. आणि तीच चाल पुन्हा वाजवली.

"हा मधला. कोरडा," मैना म्हणाली.

टक्. पुन्हा तीच चाल.

"आता कसा मोकळा झाला बघा! काय सुरेख!"

दादाचा तोही आधार गेला, आणि त्याच्या मागोमाग, त्याला स्वतःलाही नवल वाटावं असं, थोडं बरं वाटलं: फसणारा तो एकटाच नव्हता.

"मैना," तो म्हणाला, "मी कळ सरकवलीच नव्हती."

ती वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मला काय कळतंय भाऊजी त्यातलं," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. त्या दिवशीही."

"माहीत आहे," दादा म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. "धाकट्याला सांगतो मी, तुझी बायको खोटंही किती सुरात बोलते ते. हसेल तो."

"नका ना सांगू."

"सांगतो की. ठोक्यालाही सांगतो."

तिने पर्स उचलली. चहा तसाच राहिला. दारात चपलेत पाय घालताना तिचा तोल गेला, तिने भिंतीला हात टेकला. दादाने ते पाहिलं, पण तो उठला नाही. ती जिन्यावरून उतरून गेली. मग त्याने फोन उचलला आणि धाकट्याचा नंबर लावला.