एक्केचाळीस नोंदी

"काका, बाकी सगळं नव्या सर्व्हरवर गेलं. एक्केचाळीस नोंदी तेवढ्या अडकल्यात," हर्षद म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरचा पडदा वाल्मिककडे वळवला.

खोपोलीच्या शिळफाट्याजवळच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात वाल्मिक एकवीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होता. शिक्षण बारावी. अॅक्सेस नावाचा प्रोग्राम तो पुस्तकात बघून बघून शिकला आणि बाह्यरुग्ण, भरती, प्रयोगशाळा अशा सात फायली त्यानं एकट्यानं बांधल्या, एकमेकींना जोडल्या. आता चार टेबलांवरून सगळे एकदम काम करू लागले, की फाईल मोडून पडे. म्हणून ट्रस्टनं सगळं सर्व्हरवर हलवायचं ठरवलं आणि पनवेलहून हर्षदला बोलावलं. मुलगा गुणी होता. जुन्या कामाला त्यानं एकदाही नावं ठेवली नाहीत.

अडचण साधी होती. भरती झालेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हा रकाना जुन्या फायलीत रिकामा सोडता येई. नवा सर्व्हर रिकामा रकाना घेत नव्हता.

दोन दिवस वाल्मिकनं माळ्यावरचे कागद उपसले. जिथं कागद मिळेना तिथं घरी फोन लावले. धोंडी नावाचा एक म्हातारा सहा वर्षांपूर्वी कुणाला न सांगता उठून गेला होता. फोनवर तो म्हणाला, "मी घरी हाय की. तुमी अजून मला तिथंच धरलाय व्हय?" हर्षद खूप हसला. वाल्मिकही हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच नोंद उरली. छाया वाल्मिक, वय एकोणचाळीस, भरती सतरा ऑगस्ट दोन हजार सोळा. भातलावणीनंतरचा ताप, शेतातल्या पाण्यातून होणारा लेप्टो.

हर्षदनं नाव वाचलं, नवऱ्याच्या नावाशी थांबला आणि त्यानं वाल्मिककडे पाहिलं. मग हळूच म्हणाला की हवं तर 'माहीत नाही' असं टाकू, नाहीतर ही एक ओळ गाळून टाकू, कुणाला कळणारही नाही.

"गाळली तर ती इथं आलीच नवती असं व्हईल," वाल्मिक म्हणाला. "आन् माहीत नाय कसं म्हनू? मी तिथंच हुतो."

कागदावर डॉक्टरांनी तेव्हाच सगळं लिहून सही केली होती. तो कागद कॉम्प्युटरवर चढवायचं काम वाल्मिकचं, आणि तेवढं एक त्याच्या हातून झालं नव्हतं. आज करू, उद्या करू, असं करता करता नऊ वर्षं गेली. दर महिन्याच्या अहवालात रिकाम्या रकान्यांचे रुग्ण अजून भरतीच दिसत, त्यात तीही. वाल्मिक पेनानं तेवढे कमी करी आणि अहवाल पुढे पाठवी. आपण काय करतोय हे त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

त्यानं हर्षदकडे खुर्ची मागितली. हर्षद चहा घेऊन येतो म्हणून बाहेर गेला. यादीत चार शब्द होते: बरे होऊन घरी, दुसरीकडे पाठवले, न सांगता गेले, मृत. वाल्मिकनं चौथा निवडला. तारीख घातली, वीस ऑगस्ट. वेळ घातली, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. कागद उघडावा लागला नाही. सर्व्हरनं ओळ घेतली.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा त्याची लेक सुरभी नुकतीच मोहोपाड्याहून आली होती. तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती वर्षभरापासून कामाला होती. तो हातपाय न धुताच ओट्याजवळच्या स्टुलावर बसला आणि आज काय केलं ते त्यानं तिला सांगितलं. वेळही सांगितली.

सुरभीचा भाजी चिरणारा हात थांबला. "तुम्ही तर आई रात्री गेली म्हणाला होतात. मी आत्याकडे झोपले होते, म्हणून मला आणलं नाही असं."

"रात्री नाय गं. दुपारी."

"शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी मी कर्जतला आत्याच्या घरीच होते, बाबा."

"हो." वाल्मिक जमिनीकडे बघत राहिला. "सकाळी तिनं तुला आनायला सांगितलं. मी म्हटलं, उद्या आनतो. मला वाटलं, उद्या हाय."

गॅस बंद करून सुरभी त्याच्याजवळ खाली फरशीवर बसली, भिंतीला पाठ टेकून. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"तिच्या खाटेला खिडकी होती?" तिनं विचारलं.

"हुती."

"काय दिसायचं तिथून?"

वाल्मिकनं आठवून पाहिलं. "घाट," तो म्हणाला. "पाऊस हुता, पन मधनं उघडायचं. मग घाट दिसायचा."