अर्थ घेतल्याशिवाय हात लावू नये

"फोडायला हातात काही असायला तर पायजे," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते हात सोडून दिले.

•

अंगावर जमलेल्या विजेचा चटका माणसाला जाणवण्याच्या कितीतरी आधी चिप मेलेली असते. कधी ती मरतही नाही. आतल्या आत जखमी होऊन महिनोन्‌महिने काम करत राहते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

•

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडच्या आवारात कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याशी सिमेंटचं चौकोनी झाकण, त्यावर हळदीकुंकू. तो देव नाही.

•

अंगाचा साबण घ्यावा. कपड्यांच्या साबणाने हात भेगाळतो आणि काम अडतं.

•

"मेला का फोन?"

"नाही आत्याबाई, जिवंत आहे. फक्त बाहेरचं त्याला ऐकू येत नाही."

•

आता सरळ सांगायचं.

सत्यशीला वाशीमकडची. लग्न करून हडपसरला आली तेव्हा सासरचं शेत कुणाच्या तरी पार्किंगखाली केव्हाच गेलेलं होतं. नवरा संतोष टेम्पो चालवायचा. घरी सासू, सोजरबाई. सत्यशीला त्या कडुनिंबाच्या शेडमध्ये कामाला लागली आणि बघता बघता पॅकिंगच्या मोठ्या टेबलाची प्रमुख झाली. तिला ते जरासुद्धा आश्चर्याचं वाटलं नाही. हात तिचा होता, नजर तिची होती, आणि तिने सील केलेली पिशवी परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पिशव्या प्लास्टिकच्याच, पण वीज ओळखणाऱ्या. शेडमध्ये फिल्मचे मोठे रोल येतात, त्यांच्या पिशव्या होतात, आणि त्या पिशव्यांत दवाखान्यांतल्या यंत्रांची हिरवी सर्किट-कार्डं भरली जातात. नव्या बायकांना सत्यशीला फिल्मचे प्रकार आपल्या पद्धतीने शिकवायची.

"ही गुलाबी. ही स्वतः भांडण काढत नाही, पण बाहेरून कुणी भांडायला आलं तर अडवतही नाही. आमच्या जाऊबाई. ही काळी, हिच्यात कार्बन आहे. अंगावर आलेली वीज ही वाहून नेते, साठवून ठेवत नाही. आणि ही चंदेरी. हिच्या पोटात धातूचा थर आहे, इतका पातळ की आरपार दिसतं. ही बाहेरचं बाहेरच ठेवते. कार्ड हिच्यात."

पण कार्डाला हात लावण्याआधी माणसाच्या अंगातली वीज काढून टाकावी लागते. चालताना, साडी घासताना ती अंगावर जमते. म्हणून प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याला गुंडाळीची वायर, वायर टेबलाला, टेबलाची तार कडुनिंबाखालच्या खड्ड्यात. अर्थिंगचा खड्डा. त्याचं झाकण बघून कुणा नव्या बाईने पहिल्याच दिवशी हळदीकुंकू वाहिलं, आणि तेव्हापासून खंडेनवमीला मशिनींबरोबर त्यालाही झेंडूचं फूल मिळू लागलं. मालक रावसाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. उन्हाळ्यात त्याला पाणी घालायचं ध्यानात तरी ऱ्हाईल."

शेडमध्ये अर्थिंग असं पूर्ण कुणी म्हणत नाही. अर्थ म्हणतात. हॉलच्या दारावर सुपरवायझर दीपमालाबाईंनी पाटी लावली आहे: अर्थ घेतल्याशिवाय हात लावू नये. खाली बारीक अक्षरात: कार्डाला. (बाकी कशाला लावायचा तो घरी लावावा.)

दाराशी एक डबी आहे. पट्टा बांधून तिच्यावर बोट टेकवायचं. हिरवा दिवा लागला की आत. पट्टा कातडीला भिडला नाही, तर लाल.

बांगड्यांचं सगळं तिथून सुरू झालं.

•

"भुंड्या हातानं कामाला जायचं?" सोजरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "नवरा धडधाकट हाय न्हवं तुझा?"

"आहे ना. समोर बसून पोहे खातोय."

"आय, पट्टा कातडीला लागाय लागतो," संतोष घास गिळून म्हणाला. "मधी काच आली की काम न्हाई हुयाचं."

"तू गप. तुझ्याच जिवाचं बोलतीया मी."

मग सत्यशीलेने तोड काढली. घरातून बांगड्या घालून निघायचं, शेडच्या गेटवर उतरवायच्या, चंदेरी पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवायच्या, संध्याकाळी पुन्हा भरायच्या. सासूचं मन राखायला एकदा तिने एक बांगडी हातात तशीच ठेवली आणि तिच्यावरून पट्टा ओढला. डबीवर लाल दिवा लागला. तिने पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा लाल.

"सत्यशीलाबाई, लाल आहे," दीपमालाबाई मागून म्हणाल्या. "थांबायचं असतं. की अगदीच पुण्याच्या झालात?"

त्यानंतर तिने कधी चूक केली नाही. संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी आली की बांगड्यांचा आवाज आधी घरी पोचायचा, आणि त्या आवाजावर सोजरबाई चहाचं आधण ठेवायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्यासाठी घड्याळाकडे बघितलं नाही.

फोनची गंमत सत्यशीलेनेच घरी आणली. खराब म्हणून बाजूला पडलेल्या दोन चंदेरी पिशव्या, एकीत एक. त्यात फोन घालून तोंड दुमडलं आणि संतोषला म्हणाली, लावा. लागेना. बाई सांगत राहिली, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती. सोजरबाईंना वाटलं, फोन गेला. संतोषला ती युक्ती इतकी आवडली की रविवारी टेम्पोमालकाचा फोन येणार असला की तो स्वतःचा फोन पिशवीत घालून शांतपणे भजी खायचा. "मी हाय," तो म्हणायचा, "पर मी न्हाई."

•

संतोष लोणी काळभोरला टेम्पो लावून चहाला उतरला आणि उतरल्या जागी बसला. छातीत कळ. बाकीच्या ड्रायव्हरांनी रिक्षात घातलं, पण दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं होतं. बायकांचे फोन लॉकरमध्ये असतात, म्हणून निरोप ऑफिसच्या फोनवर आला. दीपमालाबाईंनी सत्यशीलेच्या मनगटाचा पट्टा स्वतः सोडला. तशीच ती निघाली.

घरी रीतीसाठी बायका जमल्या. चुलत सासू दुर्गाबाई पुढे झाल्या, त्यांनी तिचे हात धरले, आणि ते मोकळे होते.

"बांगड्या कुठं हायत?"

"कामावर. पिशवीत."

कुणाला काय करावं कळेना. शेवटी हात सोडले गेले. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, रोज भुंड्या हातानं फिरली, आता बघा. सत्यशीलेने मान वळवून त्या बाईकडे पाहिलं, ती नजर खाली घालेपर्यंत पाहिलं. सोजरबाईंच्या कानांवर ते गेलं की नाही कळलं नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर संतोषचा शर्ट होता.

दहाव्याला कावळा आल्या आल्या शिवला. त्यामुळे बांगड्यांवरून बोलायची तयारी करून आलेल्यांची पंचाईत झाली.

तेरावा झाल्यावर सत्यशीला म्हणाली, "उद्यापासून कामाला जाते."

"जा," सोजरबाई म्हणाल्या. "येताना त्या घिऊन ये. माझ्या पोराच्या नावाच्या हायत. मी माझ्या हातानं फोडीन."

"आणते."

"फोडल्याबिगर त्याला सुटका न्हाई."

"आत्याबाई, आणते म्हणाले. फोडायचं मी कबूल केलेलं नाही."

सोजरबाईंनी तिच्याकडे बघितलं. घरात एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी सरळ आवाजात बोललं होतं.

•

सकाळी ती गेटवर थांबली. उतरवायला काही नव्हतं, तरी हात सवयीने एकमेकांकडे गेले. तिने ते खाली घेतले आणि आत गेली.

हॉलच्या दाराशी गर्दी होती. निकिता नावाची मुलगी, नुकतंच लग्न झालेली, कोपरापर्यंत हिरवा चुडा. डबीवर लाल दिवा. तिने पट्टा चुड्यावरूनच बांधला होता.

"उतरवा म्हटलं की रडते," दीपमालाबाई म्हणाल्या. मग त्यांना सत्यशीला दिसली आणि पुढचं टोचरं वाक्य त्यांनी गिळलं. "या," एवढंच म्हणाल्या. "बरं झालं आलात."

"मॅडम, सासूबाई म्हणाल्यात, वर्षभर एकही कमी करायची नाही," निकिता हुंदके देत म्हणाली. "आणि फुटली तर अपशकुन. आणि त्या निघतच नाहीयेत, आय स्वेअर, मी ट्राय केलं. हात सुजलाय."

बाकीच्या बायका सत्यशीलेकडे बघेनात. तेरा दिवसांपूर्वी जिच्या घरी मरण झालं तिच्यासमोर चुड्याचं बोलणं चाललेलं, आणि थांबवायचं कसं हे कुणाला सुचत नव्हतं.

"चल नळाशी," सत्यशीला म्हणाली.

निकिता तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघून क्षणभर अडली. सत्यशीलेला ते कळलं.

"माझा हात लागला तर चालेल का तुला? नाहीतर दीपमालाबाई आहेत. त्या फोडतील मात्र. शब्दानेच."

निकिता रडता रडता हसली आणि हात पुढे केला.

"तो निळा साबण नको, अंगाचा दे कुणीतरी. हात वर धर. डोक्याच्या वर. असाच धरून ठेव, रक्त उतरू दे. घाईत ओढलं की फुटते." फेस करून तिने निकिताचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटं चिमटीसारखी एकत्र धरली, आणि बांगडी न ओढता फिरवत फिरवत पुढे सरकवली. एक आली. मग दुसरी. प्रत्येक निघालेली बांगडी ती पदरावर पुसून चंदेरी पिशवीत सोडत होती. शेवटची निघाली तेव्हा निकिताच्या मनगटावर हिरवट वळ होता, पण ओरखडा नव्हता.

"एकही नाही फुटली," निकिता म्हणाली. "कुठे शिकलात?"

"घरच्यांकडून."

पिशवीचं तोंड दुमडून तिने निकिताच्या हातात दिली. "संध्याकाळी घाल. सासूबाईंना सांग, दिवसभरात एकही फुटली नाही, जपून ठेवल्या होत्या. आणि विचार, त्यांनी तरी स्वतःच्या बांगड्या कधी इतक्या जपल्यात का."

मग तिने स्वतःचा पट्टा बांधला. डबीवर बोट टेकवलं. हिरवा.

"घेतला का अर्थ?" दीपमालाबाईंनी विचारलं. रोजचाच प्रश्न, रोजच्याच सुरात. त्या सुरासाठी सत्यशीलेने मनोमन त्यांचे आभार मानले.

"घेतला."

दिवसभर तिने काम केलं. कार्ड, पिशवी, दाब, सील. तिचा हात पूर्वीइतकाच चालला. तसा तो चालेल याबद्दल तिला शंका नव्हती.

•

संध्याकाळी लॉकर उघडला. पिशवी ठेवली तशीच होती. तिने ती हातात धरली. आतल्या बांगड्या धातूच्या थरातून धुरकट दिसत होत्या. बाजूच्या बायका एकेक करून बाहेर पडल्या. दीपमालाबाई दाराशी रेंगाळल्या, कुलपाशी उगाच खटपट करत राहिल्या.

सत्यशीलेने पिशवी उघडली आणि बांगड्या भरल्या. दोन्ही हात.

गल्लीत दुर्गाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"अगं बाई! आता हे काय गं?"

"बांगड्या," सत्यशीला म्हणाली आणि चालत राहिली.

घराचं दार उघडं होतं. सोजरबाई बाहेरच्या खोलीत नव्हत्या. वरवंटा, जो त्यांनी सकाळी धुऊन दाराशी ठेवलेला तिने जाताना पाहिला होता, तिथेच होता. ती स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली. सोजरबाई पाठमोऱ्या, गॅससमोर. पातेल्यात चहा उकळत होता.

"आवाज आला," त्या न वळता म्हणाल्या. "हात आपसूक गेला."



सोजरबाईंनी गॅस बारीक केला. पातेलं नीट बघितलं. मग म्हणाल्या, "तिघांचा टाकलाय."

"असू दे. मी घेईन जास्त."

त्या वळल्या, आणि तिचं मनगट हातात घेऊन बांगड्या बोटाने सरकवून बघू लागल्या, बाजारात बघतात तशा, एकेक.

"फोडायच्या आहेत?" सत्यशीलेने विचारलं. हात तिने काढून घेतला नाही.

"आधी चा घे."

"आणि मग?"

"मग काय. उद्या कामाला जायाचं न्हाई का तुला? गेटवर उतरवून ठीवशीलच की." त्यांनी मनगट सोडलं आणि कपबशा घेतल्या. बाहेर दुर्गाबाईंची चाहूल लागली तसा त्यांनी आवाज चढवला. "दुर्गे, चा पायजे आसंल तर ये. बोलायचं आसंल तर नगं येऊ."

•

कामाच्या पहिल्या दिवशी सत्यशीलेच्या बांगड्या हातातून निघेनात, तेव्हा शेडच्या गेटबाहेर टेम्पो लावून संतोषने अंगाचा साबण आणला होता, आणि तिचा हात डोक्याच्या वर धरायला लावून त्या एकेक उतरवल्या होत्या, एकही न फुटू देता.