पाष्ट्यांची शिवराई

"हात खाली. बघायचं ते डोळ्यांनी," भागोजी पाष्टे म्हणाला.

समोरच्या निळ्या शर्टवाल्याने ट्रेवर नेलेला हात झटकन मागे घेतला. खांद्याला मोकळी झोळी आणि नजर सारखी दाराकडे. भागोजीने त्याला आत शिरतानाच हेरून ठेवला होता. तेवढ्यात दारातून त्याची बायको आली आणि दोघं गुण्यागोविंदाने पुढच्या टेबलाकडे गेली. बिचारा तिचीच वाट बघत होता. तरी भागोजीने ट्रेमधल्या नाण्यांवरून नजर फिरवून सगळी जागच्या जागी आहेत ना, ते पाहून घेतलं.

"अरे, प्रदर्शन बघायला आलेत लोक. सगळेच काय चोर नसतात," शेजारच्या टेबलावरून चिंतामणी मास्तर हसत म्हणाले.

"मास्तर, तुम्हाला नाय कळायचं. बिनतिकिटाचा मानूसच गाडीत सगळ्यात शांत बसलेला असतो."

भागोजीची सारी नोकरी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून झाली. हातखंब्याला नाहीतर पालीला अचानक गाडी अडवायची, वर चढायचं आणि प्रत्येक माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं. खरा निघाला तर पुढच्या सीटकडे वळायचं. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण सवय काही सुटली नाही. घरी आलेलं दूध तो वास घेऊन बघे, गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय घेत नसे, आणि बायको चिमा दळण घेऊन आली की पीठ कमी कसं भरलं म्हणून गिरणीवाल्याच्या नावाने तिच्यापुढेच चौकशी मांडे. चिमा म्हणे, "गिरनीवाल्याला विचारा जा. मी काय पीठ खाल्लं वाटेत?"

रत्नागिरीतल्या त्या मंगल कार्यालयात सकाळपासून गर्दी होती. नाणेसंग्राहक मंडळाचं हे वर्षाचं प्रदर्शन. कोल्हापूर, सांगली, पुण्याहून लोक आले होते. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट घेऊन एक गृहस्थ टेबलाटेबलाशी फिरत होते. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत तिचे लाखो रुपये मिळतात असं त्यांनी पाहिलं होतं, आणि नाही म्हणणारा प्रत्येक जण आपल्याला लुबाडायला बसलाय अशी त्यांची खात्री झाली होती. हा एक माणूस तेवढा भागोजीला समजूतदार वाटला.

त्याचा स्वतःचा खरा ऐवज टेबलावर नव्हताच. तो पायाशी ठेवलेल्या रेक्झिनच्या पिशवीत, एका स्टीलच्या डबीत, कापसात गुंडाळलेला होता. एक शिवराई. छत्रपतींच्या वेळचं तांब्याचं नाणं. भागोजीच्या वडिलांना घराच्या पायासाठी जांभा काढताना मातीत सापडलेलं. घरात ते कित्येक वर्षं देव्हाऱ्याखालच्या खणात नुसतं पडून होतं. ते काय आहे हे सांगितलं चिंतामणी मास्तरांनी.

मास्तरांची ओळखही गाडीतलीच. दापोलीच्या गाडीत त्यांना तिकीट सापडेना आणि भागोजीने त्यांचं एक न ऐकता दंड केला. मास्तरांनी दंडासाठी पाकीट उपडं केलं तर त्यातून भोकाचा पैसा गडगडत भागोजीच्या बुटाशी आला. "असला जुना पैसा आमच्याकडं पन एक हाय," भागोजी म्हणाला होता. पुढच्याच रविवारी मास्तर भिंग घेऊन पाष्ट्यांच्या ओसरीवर हजर. भागोजीला नाण्यांचा नाद लागला तो असा. केळशीचे मास्तर, चित्रकला शिकवणारे, आणि हा आडगावचा तपासनीस, अशी ही जोडी मग दर प्रदर्शनाला शेजारी शेजारी टेबल लावू लागली. भागोजीला दुसरा मित्र नव्हता. संशय घेणाऱ्या माणसाला मित्र मिळणं तसं अवघडच असतं.

आज मंडळाने एक मान ठेवला होता. पुण्याच्या अभ्यासक निशिगंधाताई सगळी टेबलं बघून एक नाणं निवडणार, ते हॉलच्या मधोमध काचेच्या पेटीत जाणार आणि त्याच्या मालकाला व्यासपीठावर बोलावणार. भागोजीने या दिवसाची वाट पाहिली होती. दुपारच्या आधी ताई त्याच्या टेबलाशी आल्या तसा तो उठून उभा राहिला. पिशवी वर घेतली, डबी काढली, कापूस उलगडला.

आत लालचुटूक, लखलखीत तांब्याचं नाणं होतं.

भागोजीला क्षणभर वाटलं, दुसरीच डबी उघडली. त्याची शिवराई हिरवट काळी होती. तांब्यावर असा थर शेकडो वर्षांत चढतो, आणि नाणेवाल्यांच्या लेखी तोच नाण्याचा जीव. तो गेला की नाणं गेलं. ही तर बाजारात मिळणाऱ्या नकली शिवराई नाण्यांसारखी नवीकोरी दिसत होती.

ताईंनी हातमोजा घालून नाणं उचललं आणि मान हलवली. "काका, हे जोरात घासलंय कुणीतरी. आता अस्सल की नक्कल, असं नुसतं बघून मला सांगता येणार नाही." आणि त्या पुढे गेल्या.

घरून निघाल्यापासून भागोजीने पिशवी नजरेआड केली नव्हती. म्हणजे एकदाच केली होती. शेजाऱ्याने उठताना टेबल शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून जायचं, ही या लोकांची रीतच. कुलूप लावून गेलेला माणूस इथे हास्यास्पद ठरतो. तसा तो सकाळी चहाला गेला होता. मास्तरांवर सोपवून.

आणि हीच शिवराई मास्तर कित्येक वर्षं मागत होते. "माझ्या संचात एवढीच नाही रे. मेल्यावर तरी मला दे," असं ते थट्टेत म्हणत. आता ती थट्टा भागोजीला थट्टा वाटेना.

"मास्तर, माझी पिशवी तुमच्याजवळ होती."

"होती की. कुणी हात नाही लावला. का रे?"

"मग हे काय?"

मास्तरांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. "भागोजी, अरे हे तुझंच आहे. ही चीर बघ, 'छत्रपति'मधल्या 'त्र'च्या खाली, कडेला. हीच ती. फक्त घासलंय. अरेरे, कुणी घासलं हे?"

चीर कुठे आहे हे मास्तरांना इतकं तोंडपाठ कसं? भागोजीच्या डोक्यात एवढंच आलं. ती चीर पहिल्यांदा मास्तरांनीच त्याला दाखवली होती, हे आठवलं नाही. नक्कल करणारा चीरसुद्धा उठवतो, एवढं मात्र आठवलं.

"तुमची पिशवी दाखवा," तो म्हणाला.

गाडीत सीटपाशी उभं राहून ज्या आवाजात बोलायचा, त्याच आवाजात म्हणाला. समोरच्या टेबलावरची सांगलीची दर्शना गिऱ्हाइकाशी बोलता बोलता थांबली. मंडळाचा अध्यक्ष उन्मेष धावत आला. "काका, काय हे, मास्तरांना असं...? आपण आत ऑफिसमध्ये बसून बोलू."

"नको," मास्तर म्हणाले. "त्याने सगळ्यांसमोर विचारलंय. सगळ्यांसमोरच बघू दे."

त्यांनी आपली पिशवी टेबलावर उपडी केली. पंचा, साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांची पाकिटं, दुसरं भिंग, राजगिऱ्याची अर्धी वडी, पायमोज्यांची एक जोडी. मग शर्टाचा खिसा उलटा केला, पँटचे केले. उभ्या आयुष्यात ज्यांनी शाळेचा खडूसुद्धा घरी नेला नसेल ते मास्तर, खिशांची अस्तरं बाहेर लोंबत आहेत अशा अवतारात, चाळीसएक माणसांसमोर उभे राहिले. काही सापडलं नाही.

"कुनाला तरी दिलं असंल," भागोजी पुटपुटला. हळूच म्हणाला, पण ऐकायचं त्यांनी ऐकलं.

मास्तर टेबल गुंडाळून जातील असं सगळ्यांना वाटलं. ते गेले नाहीत. गेले असते तर चोर ठरले असते. त्यांनी सामान पिशवीत भरलं, खिसे आत ढकलले आणि खुर्चीवर बसले. दोघं हातभर अंतरावर, समोर बघत. लोक मास्तरांच्या टेबलाशी येत, कुजबुजत आणि काही न उचलता पुढे जात.

जेवणाच्या वेळेला चिमा आली. रिक्षातून उतरून, हातात डब्यांची पिशवी घेऊन, नवं लुगडं नेसून. नवऱ्याचं नाव पुकारणार म्हणून आली होती.

"घ्या भावजी, तुमचा डबा वेगळा हाय. कुळथाची पिठी नि भात. यांच्या डब्यात सुकट हाय, त्याला हात लावू नका," तिने मास्तरांपुढे डबा ठेवला. मग भागोजीच्या कानाशी वाकून, पण तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "चकाकला ना वो?"

"काय?"

"तुमचा पैसा. सकाळी तुमी आंघोळीला गेलात नि मी डबी उगडली. बगते तर काय, काळाकुट्ट. म्हनलं, आज बक्षीस हाय नि आमचा मानूस येवढ्या मानसांत असला पैसा दाखवनार? मग आमसूल नि मीठ लावलं, नि घासला चांगला. देवाचा तांब्या घासते तसा. हात भरून आला माजा."

भागोजीने डबी उघडली. नाणं तळहातावर घेतलं. 'त्र'च्या खाली, कडेला, चीर होती. वडिलांच्या कुदळीची असावी, असं मास्तर म्हणाले होते. तीच.

शिवराई गेली होती, आणि घरातल्याच हातांनी, मायेने गेली होती. पण त्याक्षणी भागोजीला शिवराईचं काही वाटलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं ते मास्तरांच्या त्या लोंबणाऱ्या खिशांनी. त्याने मान वळवली. मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. ते डब्याचं झाकण काढून पिठीकडे बघत बसले होते. वाट बघत होते, हे भागोजीला कळलं.

खरं सांगायचं तर चिमाचं नाव घ्यावं लागणार. मग हे सगळे शहाणे लोक तिच्याकडे वळून बघणार, हसणार, आणि आपण नेमकं काय केलं ते तिला इथेच, नव्या लुगड्यात, कळणार. न सांगावं तर मास्तर चोर म्हणून घरी जाणार.

भागोजी उठला, सरळ व्यासपीठाकडे गेला आणि उन्मेषच्या हातातला माइक घेतला.

"मी भागोजी पाष्टे. मगाशी मी चिंतामनी मास्तरांवर आळ घेतला. तो खोटा हाय. नानं माझंच हाय, बदललेलं नाय. ते मीच घासलं. आमसूल लावून, घरी. नि इसरलो. मास्तरांची मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

सगळा हॉल हसला. नाणेवाल्यांत नाणं घासणारा माणूस म्हणजे अडाण्यांचा राजा. "वय झालं काकांचं," कुणीतरी म्हणालं. "आमसूल?" दुसरं कुणी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. उन्मेषने माइक परत घेतला तोही लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा हळूच.

भागोजी परत आला तेव्हा चिमाने विचारलं, "तुमी कशाला म्हनलात, मी घासलं? नि हसत का हुती मानसं?"

"तुझं नाव सांगितलं तर ही सगळी आपापली नानी तुझ्याकडंच आनून टाकतील घासायला. बसशील मग जल्मभर."

चिमा तोंडाला पदर लावून हसली. तिला ते पटलं. तिच्या गैरहजेरीत मास्तरांवर कसला आळ आला, का आला, हे ती थोडंफार विचारत राहिली. भागोजीने "काय नाय गं, चुकामूक झाली," म्हणून वेळ मारून नेली.

मास्तरांनी पिठीभात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. "वहिनी, पिठी झकास झालीय. आणि पैसा खरंच लख्ख झालाय हो," ते तिला म्हणाले. चिमाचा चेहरा फुलला. ती डबे घेऊन नळाकडे गेली तसा भागोजी खुर्ची ओढून जवळ सरकला.

"मास्तर, चुकलो मी."

मास्तर भिंग पुसत होते. "तू तिकीट मागितलंस, मी दाखवलं. झालं."

"तसं नाय मास्तर. मी..."

"वहिनींना सांगू नकोस कधी. वाईट वाटेल त्यांना," मास्तर म्हणाले, आणि टेबलाशी आलेल्या एका बाईंना निजामाचं नाणं दाखवू लागले. आता लोक त्यांच्याकडे येत होते, मुद्दाम थांबून बोलत होते. दर्शनाने त्यांच्यासाठी चहा आणला. काचेच्या पेटीत कोल्हापूरच्या कुणाचं तरी चांदीचं नाणं गेलं, टाळ्या झाल्या. चिमानेही वाजवल्या आणि मग ती मासळी आणायला म्हणून रिक्षा करून निघून गेली.

चारच्या सुमाराला मास्तर उठले. साखरेमुळे त्यांना मधूनमधून उठावंच लागे. ट्रे तसेच उघडे होते. भागोजीने सवयीने आपली खुर्ची त्यांच्या टेबलाकडे वळवली.

मास्तरांनी त्याच्या डोक्यावरून समोर पाहिलं. "दर्शना, माझ्या टेबलाकडे जरा बघशील का गं? आलोच मी."

"हो काका, जा तुम्ही," ती म्हणाली, आणि पुन्हा आपल्या गिऱ्हाइकाला नोटा दाखवण्यात गुंतली.

भागोजी हातभर अंतरावर बसला होता. खुर्ची परत फिरवावी की तशीच ठेवावी, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात कुणीतरी जाडसा माणूस मास्तरांच्या ट्रेवर वाकला. एक नाणं उचललं, उलटसुलट केलं, दुसरं उचललं. दर्शनाचं लक्ष नव्हतं. भागोजी काही बोलला नाही. बोलायचा हक्क त्याला कुणी दिलेला नव्हता. तो फक्त त्या माणसाच्या बोटांकडे बघत राहिला, दोन्ही नाणी जागच्या जागी जाईपर्यंत, आणि तो माणूस गेल्यावरही बघत राहिला. त्याच्यासमोर ठेवलेला चहा निवून गेला. मग मास्तर दारातून आत येताना दिसले, तशी त्याने मान फिरवली आणि आपल्या ट्रेकडे बघत बसला.