दोन दातांचा फरक

गॅरेजात त्या दिवशी तेवीस माणसं होती. नऊ टायरांच्या चळतींवर बसलेली, सहा शटरखाली उभी, पाच कामाच्या बाकाला टेकलेली. शिवाय गॅरेजचा मालक म्हणजे माझा मामा, माझे वडील अण्णा, आणि आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर उशी घेऊन बसलेली आई. स्वतःला मी मोजलं नाही. गाडी बरी करायला आलेल्या कंपनबाबांनाही माणसांत धरलं नाही, कारण ते स्वतःही धरत नसत.

गाडीचं बॉनेट उघडं होतं, त्यावर काळी चादर टाकलेली होती आणि बाबा कमरेपर्यंत चादरीखाली शिरले होते.

"लोखंडाला आठवण असते," आतून आवाज आला. "हे इंजिन कुठून आणलंत? अपघातातल्या गाडीतून. त्या माणसाचा श्वास आत अडकलाय, म्हणून तुमची गाडी धापा टाकते. सगळ्यांनी डोळे मिटा. मी कंपन सोडतो."

"मला नका सांगू," आई म्हणाली. "मी मिटले की मला झोपच लागते."

बाकीच्या बावीस जणांनी मिटले. मी घड्याळ बघत राहिले. कंपन बारा मिनिटं चाललं. मग बाबा घामाघूम होऊन बाहेर आले, वाटीभर मंतरलेलं तेल त्यांनी इंजिनावर ओतलं आणि म्हणाले, "चावी फिरवा."

अण्णांनी चावी फिरवली. नऊ दिवस सतत पेटलेला पिवळा दिवा विझला. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी कण्हत राहणारं इंजिन चांगलं गरजलं. टायरांवरची माणसं उठून उभी राहिली. पंक्चरवाल्याने बाबांचे पाय धरले.

"बघितलंस?" अण्णांचे डोळे भरले होते.

"बघितलं. गाडीच्या घड्याळात बारा वाजलेत."

"मग?"

"भिंतीवर पावणेपाच झालेत, अण्णा."

बाबांच्या कानावर ते गेलं. "काळ नव्याने सुरू झालाय, ताई," ते हसून म्हणाले, आणि गॅरेजात टाळ्या पडल्या.

आईच्या दोन्ही किडन्या बंद आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार अडतीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात तिचं रक्त मशीनमधून फिरवून आणावं लागतं. बसमध्ये तिला बसवत नाही. जुनं इंजिन जाम होऊन कायमचं बंद पडलं तेव्हा मामाने तीन दिवसांत दुसरं बसवलं, वापरलेलं पण चांगलं. त्या दिवसापासून गाडीला ओढ नव्हती आणि पिवळा दिवा पेटलेला. मामाने स्पार्क प्लग बदलले, सेन्सर बदलला, शेवटी हात टेकले. मग पंक्चरवाला कंपनबाबांना घेऊन आला. पूर्वाश्रमी बाबांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर विचार मात्र कुणी केला नव्हता.

जाताना बाबांनी अण्णांना बाजूला घेतलं. "गाडी आणि बाई एकाच दुखण्यात आहेत. दोघींचंही आतलं फिरणं अडलंय. एक सुटली की दुसरीही सुटेल. फक्त इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. मी मोहोर लावलीय."

त्यानंतर अण्णांनी डॉक्टरांना प्रश्न विचारणं सोडून दिलं.

मी वहीत नोंदी ठेवायला लागले. पहिली खेप धरून तीन आठवड्यांत बाबा तीनदा आले. तिन्ही वेळा बारा मिनिटं, तिन्ही वेळा वाटीभर तेल, तिन्ही वेळा गाडीच्या घड्याळात बारा. आणि तिन्ही वेळा तिसऱ्या फेरीला दिवा परत पेटला. बाबा म्हणत, घरात कुणीतरी संशयी आहे, म्हणून श्वास परत येतो. गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, की आठवण पुसल्यावर तोच दोष लागोपाठच्या फेऱ्यांत पुन्हा दिसला तर कॉम्प्युटर दिवा लावतो. मेलेल्या माणसाने हे पुस्तक वाचलेलं असणार.

चौथ्यांदा दिवा पेटला तेव्हा मी बाबांना बोलावू दिलं नाही. सगळ्यांना जमवलं. चादर नाही, तेल नाही.

"डोळे उघडे ठेवा," मी म्हणाले. "मी बॅटरीची ही एक तार काढतेय. आता गाडीच्या कॉम्प्युटरला वीज नाही, म्हणजे आठवण नाही. बारा मिनिटं थांबू."

थांबलो. मग तार परत बसवली, चावी फिरवली. दिवा विझलेला. इंजिन गरजलं. घड्याळात बारा.

"दोष दिसला की कॉम्प्युटर इंजिनाला लगाम घालतो, म्हणून ओढ जाते. आठवण पुसली की लगाम सुटतो. दोष आहे तिथेच राहतो. बाबा चादरीखाली एवढंच करतात."

 मग पंक्चरवाला हळूच म्हणाला, "म्हणजे हिच्यातही शक्ती आहे."

"असेल," बाकाजवळचा किराणावाला म्हणाला, "पण बाबांना नुसता हात पुरतो. हिला पाना लागला."

सगळे हसले. मामासुद्धा हसला.

दुसऱ्या दिवशी मी मामाला एकट्याला गाठलं. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकात एक सळई सोडली आणि त्याला इंजिन हाताने फिरवायला सांगितलं. सळई वर आली, थांबली, खाली जायला लागली. पिस्टन सगळ्यात वर असताना पुढच्या पुलीवरची खूण समोर यायला हवी होती. ती सत्तेचाळीस मिलिमीटर दूर होती. पुलीचा घेर चारशे एकाहत्तर. म्हणजे छत्तीस अंश.

"ही पुली कुठली, मामा?"

मामा हात पुसत राहिला. नव्या इंजिनाला जुन्याचा एक तरी भाग लावायचा, म्हणजे गाडी इंजिनाला परकं मानत नाही, असं त्याला त्याच्या उस्तादांनी शिकवलं होतं. तो नेहमी पुलीच लावायचा. आजवर चाललं, कारण आजवर दोन्ही इंजिनं अगदी एकसारखी होती. हे वर्षभर नंतर निघालेलं होतं, त्याच्या मूळ पुलीवरची खूण वेगळ्या जागी होती.

"चुकीच्या खुणेवर तू आतला दातेरी बेल्ट चढवलास. झडपा उघडणारी कॅमशाफ्ट दोन दात मागे आहे. झडपा उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. आणि झाकणाचा कोपरा तुटलाय, बाबांचं तेल त्या रबरी बेल्टवर ठिबकतंय. तो दात सोडेल. मग झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतील. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मामा."

त्याने सळईकडे पाहिलं, पुलीकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. "सव्वीस वर्षं इंजिनं बसवतोय मी," तो म्हणाला. "लोक म्हणतात श्वास अडकलाय, तर अडकू दे ना."

उरले अण्णा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आकडेही.

"तुझं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण गाडीत श्वास नव्हताच असं धरलं, तर बाबा आईबद्दल जे बोलले त्याचं काय?"

"तेही खोटं आहे, अण्णा."

"मोजणाऱ्यांनी सगळ्यांनी हेच सांगितलंय मला. तो एकटाच म्हणाला, ती बरी होईल." त्यांनी चावी खिशात टाकली. "झाकण उघडायचं नाही."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "राहू दे गं. यांना काहीतरी केल्यासारखं वाटतंय."

त्यानंतरच्या बुधवारी, एकविसाव्या किलोमीटरला, बॉनेटखालून डबाभर खिळे सांडल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. दुसरं वाहन मिळून रुग्णालयात पोचेपर्यंत साडेपाच वाजले. आईची दोनची वेळ गेली होती, मशीनवर दुसरा पेशंट होता, रात्री विभाग बंद. उद्या सकाळी सहाला या, म्हणाले. अण्णा आईला घेऊन तिथल्याच बाकावर थांबले.

गुरुवारी सकाळी मामाने झाकण उघडलं. बेल्ट तेलाने फुगलेला, एका बाजूचे सात दात गेलेले. आठ झडपा वाकलेल्या. मामा त्या एकेक करून फडक्यावर मांडत होता. शटरपाशी पंक्चरवाला कुणालातरी सांगत होता, की मोहोर पोरीने तोडली, म्हणून हे झालं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. दिवा विझला म्हणजे दोष गेला असं नाही. कुणी डोळे मिटायला सांगितलं तर उघडे ठेवा आणि घड्याळ बघा. झाकण उघडू नका म्हणालं, तर आधी झाकण उघडा. मोजलेलं उत्तर आवडलं नाही तर पुन्हा मोजा, दहादा मोजा, पण त्याच्या जागी आवडतं उत्तर ठेवू नका. मामाला हे कळत होतं. अण्णांनाही कळत होतं, असं मला वाटतं.

सव्वाअकराला अण्णांचा फोन आला. मशीनवर घेण्याआधी आईचं रक्त तपासलं होतं. पोटॅशियम सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. अण्णांनी कागद जसा होता तसा वाचून दाखवला. सोडियम एकशे एकतीस. क्रिएटिनिन बारा पूर्णांक चार. पोटॅशियम सात पूर्णांक तीन.